विद्येसाठीं याचना

विद्यार्थ्यानें विद्येसाठीं हात पसरावा यांत आपल्या समाजानें कधींच कमीपणा मानिला नाहीं. अमुक गृहस्थ माधुकरी मागून शिकले, तमुक वारानें जेवून पदवीधर झाले, हें सांगतांना सांगणाराचा स्वर अभिमानानें चढतो. परंतु तोच गृहस्थ शिकूनसवरून एखादी शाळा काढतो व तिच्यासाठीं वर्गणीची यादी घेऊन दारोदार फिरूं लागतो, तेव्हां अनुभव निराळा येतो. धनी घरांत नसल्याचा निरोप माडीवरून खालीं येतो. जो देतो तोहि पीडा टळावी म्हणून देतो. मागणाराचे जुने स्नेहीसुद्धां त्याला रस्त्यांत पाहून पलीकडच्या बाजूनें जाऊं लागतात. स्वतःच्या पोटासाठीं मागणाराला जो मान मिळतो, तो दुसऱ्याच्या मुलांसाठीं मागणाराला मिळूं नये, ही गोष्ट आम्हांस नेहमींच चमत्कारिक वाटत आली आहे.

पंडिता रमाबाईंचें नांव घेतलें म्हणजे कोणाच्या डोळ्यांसमोर कलकत्त्याच्या शास्त्रीमंडळीस चकित करणारी विदुषी उभी राहते, कोणास विधवांची कैवारी दिसते, आणि आम्हां ख्रिस्ती लोकांस सबंध पवित्र शास्त्र सोप्या मराठींत उतरविणारी तपस्विनी दिसते. या सर्व रूपांचें कौतुक यथायोग्य झालें आहे. परंतु या बाईंनीं जन्मभर आणखी एक काम केलें, व त्याकडे फारसें कोणी वळून पाहत नाहीं. त्यांनीं शिक्षणासाठीं पैसा जमविला, तो राखला, खर्चिला आणि त्याचा हिशेब दिला. आमच्या मतें हें काम त्यांच्या पांडित्याहून हलकें नव्हे. आज ज्यांस एखादी शाळा किंवा एखादें वसतिगृह चालवावयाचें आहे, त्यांनीं तर त्यांचें चरित्र याच बाजूनें वाचावें.

ज्या घरांत त्या जन्मल्या त्या घराला मागणें ठाऊक नव्हतें. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीला संस्कृत शिकविण्याचा हट्ट धरिला व त्यापायीं गंगामूळच्या अरण्यांत जाऊन संसार मांडिला. तेथें १८५८ सालीं रमाबाईंचा जन्म झाला. पुढें तें बिऱ्हाड मोडलें आणि सारें कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराण सांगत फिरूं लागलें. श्रोत्यांनीं जें पुढें ठेवावें तें घ्यावें, तोंडानें कांहीं मागूं नये, हा त्यांचा बाणा होता. १८७४ च्या सुमारास दुष्काळानें गांठलें तेव्हां पुराण ऐकावयास कोणी उरलें नाहीं. मोलमजुरी करावी तर कुळाचा अभिमान आड येई, आणि भीक मागावी तर विद्येचा. वडील गेले, मागोमाग आई गेली, बहीण गेली. या अभिमानाविषयीं रमाबाईंनीं पुढें स्वतःच लिहून ठेविलें आहे आणि तें लिहितांना शब्द सौम्य केलेले नाहींत. न मागतां मरणें म्हणजे काय हें त्यांनीं सोळासतरा वर्षांच्या वयांत पाहिलें होतें. पुढें त्यांनीं दोन खंडांत हात पसरला त्याचा अर्थ आम्ही या प्रसंगाच्या उजेडांत लावतों.

मधला काळ थोडक्यांत सांगतों, कारण तो बहुतेकांस शाळेच्या पुस्तकांतून माहीत आहे. भावाबरोबर त्या फिरत फिरत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचल्या, तेथें 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. भाऊ वारला, १८८० सालीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं विवाह झाला, आणि १८८२ सालीं लहानग्या मनोरमेला घेऊन त्या विधवा झाल्या. पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, हंटर कमिशनपुढें साक्ष दिली आणि 'स्त्रीधर्मनीति' हें पुस्तक लिहिलें. विलायतेस जाण्याचा खर्च त्यांनीं या पुस्तकाच्या विक्रींतून काढिला. हा त्यांचा पहिला निधि. तो मागून जमलेला नव्हता, विकून जमलेला होता, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. वैद्यक शिकण्याची मनीषा होती, परंतु ऐकूं कमी येऊं लागल्यामुळें ती सोडावी लागली. पुढें चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजांत त्या संस्कृत शिकवीत व स्वतः शिकतहि असत. ज्या बाईला समोरच्याचा प्रश्न नीट ऐकूं येत नाहीं तिनें परक्या भाषेंत शेंकडों सभांतून बोलून निधि उभारावा, याचा विचार आमच्या वक्तृत्वस्पर्धेच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य करावा.

१८८६ सालच्या मार्च महिन्यांत त्या अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें गेल्या. त्यांच्या आप्त आनंदीबाई जोशी यांस तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयाची पदवी त्या महिन्याच्या ११ तारखेस मिळावयाची होती. तो समारंभ पाहून परतावें असा बेत असतां राहणें झालें अडीच वर्षांहून अधिक. तेवढ्या अवधींत त्यांनीं बालोद्यान पद्धतीचें शिक्षण घेतलें, नाना प्रकारच्या संस्था पाहिल्या, गांवोगांवीं व्याख्यानें दिलीं, आणि १८८७ सालीं 'दि हाय कास्ट हिंदु वुमन' हें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. विद्यालयाच्या मुख्य रेचल बॉडलीबाई यांनीं त्यास प्रस्तावना लिहिली. आनंदीबाई त्याच वर्षीं फेब्रुवारींत पुण्यास निवर्तल्या होत्या.

हें पुस्तक समाजस्थितीचें वर्णन म्हणून पुष्कळांनीं वाचलें आहे. आम्हीं तें एखाद्या शाळेच्या विनंतीपत्राप्रमाणें वाचून पाहिलें, आणि त्याची मांडणी पाहून थक्क झालों. आरंभीं मुलीचा जन्म, मग लग्न, मग सासर, मग वैधव्य, असें एकेक पाऊल टाकीत लेखिका वाचकाला नेते. शास्त्रवचनें देते, खानेसुमारीचे आंकडे देते. अश्रू काढण्याची संधि पानोपानीं असतां ती फार वेळ रेंगाळत नाहीं. शेवटच्या प्रकरणांत ती थेट कामाचें बोलते: हिंदु स्त्रीला स्वावलंबन पाहिजे, शिक्षण पाहिजे, आणि शिकविणाऱ्या देशी स्त्रिया पाहिजेत, त्यासाठीं विधवांना राहावयास घर असावें, त्यांच्या चालीरीतींस धक्का न लावतां तें चालावें, आणि बाहेर पडतांना त्यांच्या हातांत पोट भरण्याची विद्या असावी. दया उत्पन्न करून थांबणारे विनंतीपत्र आम्हीं शेंकड्यांनीं पाहिले आहेत. दया उत्पन्न झाल्यावर वाचकानें नेमकें काय करावें हें सांगणारे थोडे. पुस्तकाच्या हजारों प्रती खपल्या आणि तें उत्पन्नहि कार्यास लागलें.

दात्यांची खुशामत हा या धंद्यांतला जुना रोग आहे. रमाबाईंस तो झाला नाहीं. त्याच मुक्कामाच्या अनुभवावर त्यांनीं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ लिहिला व तो १८८९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत अमेरिकेची भरपूर स्तुति आहे, पण काळ्या लोकांशीं व तेथील मूळ रहिवाशांशीं गोऱ्यांनीं केलेलें वर्तनहि झांकून ठेविलेलें नाहीं. ग्रंथ मराठींत असल्यामुळें बोस्टनच्या दात्यांना तो वाचतां येणार नव्हता, असें कोणी थट्टेनें म्हणेल. म्हणो बापडा.

१८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. एडवर्ड एव्हरेट हेल हे अध्यक्ष झाले. उपाध्यक्षांत फिलिप्स ब्रुक्स होते, मद्यपाननिषेधाच्या चळवळीच्या पुढारी फ्रान्सेस विलर्ड होत्या. एक युनिटेरियन, एक एपिस्कोपल, एक मेथडिस्ट, अशा परस्परांच्या उपासनामंदिरांत सहसा न जाणाऱ्या मंडळींस एका टेबलाभोवतीं बसविणें हेंच केवढें काम! परंतु आम्हांस खरी कुशलता दिसते ती निराळ्या ठिकाणीं. त्यांनीं गांवोगांवीं 'रमाबाई मंडळें' काढविलीं, आणि प्रत्येक सभासदानें वर्षास निदान एक डॉलर याप्रमाणें दहा वर्षें देण्याचें वचन दिलें. एकाच धनिकाकडून मोठी रक्कम घेऊन बाई मोकळ्या झाल्या असत्या तर अमेरिकेंत त्यांची आठवण एका घरांत राहिली असती. एक डॉलरवाल्या हजारों घरांत ती दहा वर्षें राहिली. शिवाय शाळेचा खर्च दरसाल येतो. पगार दर महिन्यास द्यावा लागतो, धान्य दर आठवड्यास भरावें लागतें. दात्याचा उमाळा मात्र एकदांच येतो. त्या उमाळ्याला दहा हप्त्यांत बांधून घेणें हें काम भावनेच्या भरांत होत नसतें, त्यास बसून हिशेब करावा लागतो.

ही युक्ति नवी नव्हे. पौल प्रेषितानें यरुशलेमांतल्या गरिबांसाठीं वर्गणी जमविली तेव्हां करिंथच्या मंडळीस त्यानें हेंच सांगितलें होतें: आठवड्याच्या पहिल्या दिवशीं प्रत्येकानें आपल्या मिळकतीच्या मानानें थोडें बाजूस ठेवीत जावें. त्यानें आणखी एक खबरदारी घेतली. पैसा एकट्यानें न नेतां मंडळ्यांनीं निवडलेले विश्वासू बंधु बरोबर दिले, कीं कोणास बोट दाखवितां येऊं नये. करिंथकरांस पाठविलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवा व नववा हे अध्याय आम्ही प्रत्येक संस्थेच्या खजिनदारास वाचावयास सांगूं.

रमाबाई १८८८ च्या अखेरीस अमेरिका सोडून जपानच्या वाटेनें परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस चौपाटीजवळ शारदासदन उघडलें. पुढल्या वर्षीं तें पुण्यास आलें. बाईंना दहा वर्षांचें वचन मिळालें होतें, पण अकराव्या वर्षाची काळजी त्यांनीं फार आधीं सुरू केली. पुणें-सोलापूर लोहमार्गावर केडगांवास त्यांनीं जमीन घेतली आणि तींत फळझाडें लाविलीं. अमेरिकेची वर्गणी थांबेल तेव्हां मळ्याच्या उत्पन्नावर शाळा चालावी हा त्यांतला हिशेब होता. झाड आज लावावें तेव्हां फळ कांहीं वर्षांनीं, हें शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. संस्थाचालकांस मात्र तें पुन्हां पुन्हां सांगावें लागतें.

येथवर पाहिलें तर सर्व कांहीं जेथल्या तेथें होतें. कल्पना स्पष्ट होती, वर्गणी नियमित होती, हिशेब चोख होता, पुढची तरतूदहि झाली होती. तरीहि १८९३ सालीं हें सदन मुळापासून हाललें. सदनांत धर्माच्या बाबतींत कोणावर जबरदस्ती करावयाची नाहीं असें ठरलेलें होतें, आणि न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष सल्लागार मंडळांत होते. बाई स्वतः प्रार्थनेस बसत तेव्हां खोलीचें दार उघडें असे आणि मुलींपैकीं कांहीं आपण होऊन येऊन बसत. दार लावून घ्यावें हें बाईंच्या विवेकास पटेना. 'केसरी'नें कडक टीका केली, सल्लागारांनीं राजीनामे दिले, आणि वीस-पंचवीस मुलींस त्यांच्या पालकांनीं काढून नेलें.

या प्रकरणाविषयीं आमच्या ख्रिस्ती मंडळींत एकच बाजू ऐकूं येते, आणि बाहेर दुसरीच. आम्ही रमाबाईंच्या विवेकास दोष देत नाहीं. दार बंद केलें असतें तर त्या रमाबाई राहिल्या नसत्या. परंतु पालकांच्या भीतीसहि केवळ कर्मठपणा म्हणून उडवून लावणें आम्हांस जमत नाहीं. ज्या घरानें आपली तरणी विधवा मुलगी परक्याच्या हवालीं केली त्या घरानें लहान गोष्ट केली नव्हती. आमचें लक्ष तिसऱ्याच गोष्टीकडे जातें. वादळ उठलें तेव्हां सदनाचा आधारस्तंभ बोस्टन येथें होता. पुण्यांतल्या किती घरांनीं सदनासाठीं एक रुपया, एक पायली तांदूळ दिले होते? जो देतो त्याचा जीव संस्थेंत गुंततो. तो रागावतो, भांडतो, सभेंत प्रश्न विचारतो, पण आपल्याच पैशाच्या घराला सहजासहजीं सोडून जात नाहीं. पुण्याच्या लोकांना त्या घराविषयीं मत देतां येत होतें. त्या घराचे वांटेकरी होण्याचा प्रसंग त्यांच्यावर फारसा आलाच नव्हता. दुरून आलेल्या पैशाची ही किंमत आहे, आणि ती हिशेबाच्या वहींत कोठेंच दिसत नाहीं.

हें आम्ही शंभर सवाशें वर्षांपूर्वींच्या लोकांस शिकविण्यासाठीं लिहीत नाहीं. आमच्या मुलींच्या वसतिगृहाचें छप्पर गळतें हें वाचकांस ठाऊकच आहे. यंदां त्याच्या दुरुस्तीविषयीं शिक्षकांच्या बैठकींत तीन मतें पडलीं. एका वडील सहाध्यापकांचें म्हणणें, गरज देवापुढें मांडावी, माणसांपुढें मांडूं नये. दुसऱ्यांचें म्हणणें, मिशनच्या परदेशांतल्या जुन्या स्नेह्यांस पत्रें लिहावीं. आतां परदेशी देणगीस सरकारी नोंदणी लागते, निराळें खातें लागतें, आणि ज्यांनीं आमच्या संस्था वाढविल्या ती दात्यांची पिढीहि राहिली नाहीं. तरी संवय सुटत नाहीं. तिसरें मत असें कीं गांवांत यादी फिरवावी. मोंढ्यांतले व्यापारी, मळेवाले, येथें शिकून गेलेल्या मुलींचे भाऊ व नवरे, या सर्वांकडे जावें. त्यावर एक बाई शांतपणें म्हणाल्या, "सर, लोक म्हणतील, तुमच्या शाळेला तर बाहेरून पैसा येतो, मग आमच्या दारीं कशाला आलांत?" यावर बैठकींत कोणासच चटकन उत्तर सुचलें नाहीं. ज्या शाळेनें या गांवाच्या चार पिढ्या शिकविल्या तिला गांव आपली न मानतां कोणा परक्याची मानतें, हें त्या एका वाक्यांत आलें होतें.

वडील सहाध्यापकांच्या मताचा आम्ही आदर करितों, कारण त्यास मोठा आधार आहे. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांनीं हजारों अनाथ मुलें सांभाळलीं आणि कोणाही माणसापाशीं पैसा मागितला नाहीं. रमाबाईंनीं त्यांचा वृत्तांत वाचला होता व त्याचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि तीनशेंच्या आसपास निराश्रित मुली घेऊन आल्या, तेव्हां त्यांना दहा वर्षांच्या वचनाचा आधार नव्हता. तें वचन पन्नास विधवांच्या मानानें घेतलेलें होतें. फळझाडांसाठीं घेतलेल्या त्याच केडगांवच्या जमिनीवर मुक्तिसदन उभें राहिलें आणि १९०० सालापर्यंत तेथें दीड हजारांहून अधिक माणसें झालीं. विणकाम, छापखाना, दुग्धालय, आंधळ्यांची शाळा, सर्व कांहीं तेथें चालूं लागलें. १८९८ सालीं मुदत भरल्यावर बाई अमेरिकेस गेल्या, जुन्या संघाच्या जागीं नवा संघ झाला, तरी त्यांचा भर यापुढें माणसांच्या वचनांवर राहिला नाहीं. हें सर्व खरें आहे. परंतु म्यूलरसाहेब वर्षाचा अहवाल छापीत आणि त्यांत पै-पैची नोंद असे, हेंहि खरें आहे. मुक्तिसदनाचीं छापील वृत्तपत्रकेंहि समुद्रापार जात. ज्यानें आलेल्या प्रत्येक पैशाचा हिशेब लोकांपुढें ठेविला, त्याला तोंडानें मागण्याची गरज उरत नाहीं, कारण त्याचा हिशेबच बोलतो. आमच्या शाळेनें गांवापुढें आजवर कोणता हिशेब ठेविला आहे? तो ठेविल्यावांचून केवळ प्रार्थनेवर विसंबणें याला आम्ही विश्वास म्हणण्यास कचरतों. शेवटीं ठरलें तें असें: प्रार्थनाहि व्हावी आणि यादीहि निघावी, आणि हिशेबावर मुख्याध्यापकांबरोबर गांवांतल्या एका व्यापाऱ्याची सही असावी. ते गृहस्थ ख्रिस्ती नाहींत. त्यांची मुलगी मात्र त्या गळक्या छपराखालीं दोन वर्षें निजली आहे. छप्पर पावसाळ्यापूर्वीं होईल कीं नाहीं हें हा मजकूर लिहीपर्यंत सांगतां येत नाहीं.

आतां शारदासदनाच्या पहिल्या मुलींकडे वळतों. त्यांत गोदूबाई नांवाची एक बालविधवा होती. ११ मार्च १८९३ रोजीं तिचा पुनर्विवाह फर्ग्युसन कॉलेजांतले गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशीं झाला. (आनंदीबाईंची पदवी, सदनाचें उद्घाटन आणि हा विवाह हीं तिन्ही एकाच तारखेचीं आहेत. यावरून कोणी कांहीं निष्कर्ष काढूं नये. आम्हांस मौज वाटली म्हणून लिहिलें.) या विवाहानें कर्व्यांवर त्यांच्या मुरूड गांवानें बहिष्कार घातला. याच गांवासाठीं मुंबईंत असतां 'मुरूड फंड' काढून त्यांनीं पैसा जमविला होता! १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं अनाथ बालिकाश्रम काढिला आणि तो चालविण्यासाठीं जी झोळी खांद्यास लाविली ती पुढें पन्नास वर्षें उतरविली नाहीं.

कर्व्यांनीं मागितलें तें घरोघर, आण्यांनीं आणि रुपयांनीं, सुटी लागली कीं गांवोगांव फिरून. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं पुण्याबाहेर हिंगण्यास सहा एकर जमीन आणि झोंपडीसाठीं साडेसातशें रुपये दिले. कर्वे तेथून कॉलेजांत चालत येत आणि चालत परत जात. लोकांचा त्यांच्यावरहि रोष होता, तो विवाहामुळें. तेव्हां पुनर्विवाहाची चळवळ आणि आश्रम या दोहोंत त्यांनीं सरळ भिंत घातली. पुनर्विवाहाच्या मंडळींतून बाहेर पडले. त्या वेळीं सुधारकांनीं त्यांस भित्रे म्हटलें. आम्हांस त्या भिंतींत मागणाराचें इमान दिसतें: ज्या कामासाठीं पैसा घेतला तेवढेंच काम त्या पैशानें करावयाचें. रमाबाईंना ती भिंत घालतां आली नाहीं, कारण त्यांचें काम आणि त्यांची श्रद्धा हीं एकाच खोलींत राहत होतीं. दोघांपैकीं एकाला थोर व दुसऱ्याला लहान म्हणण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. पण हिंगण्याची झोंपडी महाराष्ट्राला आपली वाटली, एवढें खरें. १९१६ सालीं महिला विद्यापीठ निघालें आणि १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं आपल्या मातोश्रींच्या नांवें पंधरा लक्ष रुपये दिले. त्या विद्यापीठाला आज श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचें नांव आहे. चोवीस वर्षें आणे गोळा केल्यावर हे लक्ष आले, हा क्रम विसरूं नये. बोस्टनच्या ज्या कोणा बाईनें १८८८ सालीं आपला पहिला डॉलर दिला, तिनें गोदूबाईंचें नांवहि ऐकिलें नसेल.

या घराची मागण्याची परंपरा गोदूबाईंच्या बहिणीनेंहि चालविली. पार्वतीबाई आठवले या कोंकणांतल्या विधवा, आश्रमांतच शिकल्या आणि आश्रमासाठीं गांवोगांव वर्गणी गोळा करीत हिंडल्या. इंग्रजी आल्याशिवाय मोठ्या जगांत मागतां येत नाहीं असें वाटून त्या १९१८ सालीं चाळिशी उलटल्यावर अमेरिकेस गेल्या. रमाबाईंपुढें तेथें भरगच्च सभा असत. यांच्याजवळ सभेपुरतें इंग्रजीहि नव्हतें. तेव्हां परक्यांच्या घरीं घरकामास राहून त्यांनीं ती भाषा शिकून घेतली, त्याच घरांतून व ओळखींतून आश्रमासाठीं मदत मिळविली, आणि १९२० सालीं त्या परत आल्या. त्यांनीं आपली हकीकत 'माझी कहाणी' या पुस्तकांत सांगितली आहे. तें १९२८ सालीं निघालें. आमच्या वाचनालयानें तें पुस्तक मागवावें अशी आमची सूचना आहे. मुली तें एका बैठकींत वाचून काढतील. दोनच वर्षांनीं अमेरिकन मराठी मिशनमध्यें पुष्कळ वर्षें काम केलेले रेव्ह. जस्टिन अॅबट यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें, आणि पार्वतीबाईंनीं ज्यांच्या घरीं भांडीं घांसलीं त्या बायकांना आपल्याविषयीं काय लिहिलें आहे हें वाचण्याची सोय झाली.